परभाषेचा अध्यापक आणि त्याची भूमिका : नात्सुमे सोसेकी यांचा लंडनमधील अभ्यासकाल

१२ मे १९०० रोजी जपानच्या शिक्षण मंत्रालयाने कुमामोतो येथील पाचव्या उच्च विद्यालयातील एका इंग्रजीच्या प्राध्यापकास दोन वर्षे इंग्लंडमध्ये राहून अभ्यास करण्याची आज्ञा दिली. आज्ञापत्रात अभ्यासाचा विषय 'इंग्रजी भाषा' असा नमूद केलेला होता; 'इंग्रजी साहित्य' असा नव्हे. प्राध्यापकांचे नाव नात्सुमे किन्नोसुके, वय तेहतीस. पुढे 'सोसेकी' या टोपणनावाने ते आधुनिक जपानी कादंबरीचे अध्वर्यू ठरले आणि त्या कीर्तीमुळे त्यांच्या लंडनमधील वास्तव्याकडे एका भावी कादंबरीकाराचे दुःखपर्व म्हणून पाहण्याची रूढी पडली. एकाकीपणा, पैशाची ओढाताण, मनःस्वास्थ्याचा भंग, एवढी सामग्री चरित्रकारांना पुरेशी असते. परंतु सरकारने त्यांना पाठविले ते कादंबरीकार घडविण्यासाठी नव्हे. परदेशात राहून, परभाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याची पात्रता अंगी बाणवून परत यावे, एवढीच अपेक्षा होती. ती पुरी झाली काय, आणि झाली नसल्यास तिच्या जागी काय हाती लागले, हा प्रश्न भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना अधिक जवळचा वाटावयास हवा. कारण इंग्रजीच्या वर्गात उभे राहूनच आपल्याकडील साहित्यविचाराच्या कित्येक पिढ्या घडल्या आहेत.

आज्ञापत्रातील शब्दयोजना सोसेकींना खटकली. ते मंत्रालयात गेले आणि उच्च शिक्षणविभागाचे प्रमुख उएदा काझुतोशी यांना त्यांनी विचारले, की अभ्यास भाषेपुरताच मर्यादित ठेवणे बंधनकारक आहे काय. इतके ताणून धरण्याचे कारण नाही, मात्र परत आल्यावर उच्च विद्यालयात किंवा विद्यापीठात शिकविता येईल असे काही अभ्यासून यावे, असे उत्तर मिळाले. या उत्तरात आपल्यापुरती साहित्याकडे वळण्याची वाट मोकळी आहे, असे सोसेकींनी मानले. येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. हे उएदा जर्मनीत भाषाशास्त्र शिकून आलेले, आणि जपानी भाषेला 'राष्ट्रभाषा' या संकल्पनेत बसविण्याच्या कार्यातील अग्रणी होते. एका परभाषेच्या अध्यापकाचे प्रशिक्षण ठरविणारा अधिकारी स्वभाषेचा शिल्पकार असावा, हे त्या काळच्या जपानी शिक्षणव्यवस्थेचे नेमके चित्र म्हणता येईल. १८७० नंतरच्या दशकात तेथील उच्च शिक्षण बव्हंशी परदेशी अध्यापकांच्या तोंडून आणि परभाषेतून चाले. शतक संपता संपता अध्यापक देशी झाले, माध्यम जपानी झाले, आणि इंग्रजी हा अभ्यासक्रमातील एक विषय होऊन राहिला. विषय झाला म्हणूनच तो शिकविण्याचे शास्त्र हवे होते. माध्यम असलेल्या भाषेला असे शास्त्र लागत नाही, निदान ते लागते असे कोणाला वाटत नाही.

सोसेकींची स्वतःची पूर्वतयारी उणी नव्हती. तोक्यो विद्यापीठात ते इंग्रजी साहित्य शिकले ते जेम्स मेन डिक्सन यांच्या हाताखाली. १९१४ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी त्या वर्गाची आठवण सांगितली आहे. कविता मोठ्याने वाचावयाच्या, निबंधात उपपद गळले की बोलणी खावयाची, आणि परीक्षेत वर्ड्स्वर्थच्या जन्ममृत्यूची साले किंवा स्कॉटच्या ग्रंथांचा कालानुक्रम लिहावयाचा. तीन वर्षे काढूनही साहित्य म्हणजे काय ते कळले नाही, ही त्यांची तक्रार होती. १८९५ मध्ये मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत, १८९६ पासून कुमामोतोत त्यांनी इंग्रजी शिकविले. १८९७ च्या नोव्हेंबरात फुकुओका व सागा या प्रांतांतील शाळांमधील इंग्रजीचे वर्ग पाहून अधिकृत अहवालही दिला. म्हणजे वर्गात काय घडते, कोठे अडते, याची त्यांना नीट माहिती होती. लंडनला निघालेला माणूस नवशिका नव्हता. आपल्या विषयाच्या मुळाशी आपण पोचलेलो नाही, हे जाणणारा तो अनुभवी शिक्षक होता.

८ सप्टेंबर १९०० रोजी योकोहामाहून निघालेले सोसेकी २८ ऑक्टोबरला लंडनमध्ये पोचले. प्रश्न असा, की शिकावयाचे कोठे आणि कोणापाशी? आज इंग्रजी शिकविण्याचे प्रशिक्षण घेण्यासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अभ्यासक्रमांची रांग उभी असते. त्या वेळी परदेशी अध्यापकासाठी आखलेले असे काहीही नव्हते. हेन्री स्वीट यांचा भाषा शिकण्याच्या व्यावहारिक पद्धतीवरील ग्रंथ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता खरा. पण ग्रंथ म्हणजे संस्था नव्हे. लंडनमधील शिक्षक-प्रशिक्षणाचे 'डे ट्रेनिंग कॉलेज' स्थापन झाले १९०२ मध्ये, म्हणजे सोसेकी परतीच्या वाटेवर असताना, आणि तेही तेथल्याच शाळांच्या शिक्षकांसाठी. ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सोसेकी काही महिने बसले, तेथे डॅनियल जोन्स ध्वनिशास्त्र शिकवू लागले ते १९०७ मध्ये. परभाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याच्या शास्त्राची जडणघडण लंडनपेक्षा बाहेरच अधिक झाली. हॅरल्ड पामर यांचे कार्य १९२२ नंतर तोक्योत बहरले, ए. एस. हॉर्न्बी यांच्या प्रसिद्ध कोशाचा पायाही जपानमध्येच घातला गेला, आणि मायकेल वेस्ट यांचा द्वैभाषिकतेवरील १९२६ चा ग्रंथ बंगालमधील, ढाक्याच्या शाळांतील अनुभवातून उभा राहिला. जेथे शिकावयास पाठविले तेथे ते शास्त्र नव्हते, आणि जेथून पाठविले तेथेच ते पुढे आकाराला आले.

स्थळाची निवड करतानाचा सोसेकींचा विचारही पाहण्याजोगा आहे. केंब्रिज पाहून आल्यावर तेथला खर्च आपल्याला झेपणारा नाही हे त्यांना उमगले. वर्षाला १८०० येन, म्हणजे महिन्याला सुमारे पंधरा पौंड, एवढ्या वेतनात तेथल्या धनिकपुत्रांच्या बरोबरीने राहणे शक्य नव्हते. स्कॉटलंडमध्ये किंवा आयर्लंडमध्ये जावे, हा विचारही त्यांनी केला आणि सोडून दिला. कारण तेथले उच्चार शुद्ध इंग्रजीचा सराव करण्यास योग्य नाहीत! आणि मग लंडनमध्ये त्यांना गुरू मिळाले ते कोण? ज्यांची व्याख्याने त्यांनी तीन-चार महिने ऐकली ते डब्ल्यू. पी. केर ग्लासगोचे, आणि ज्यांच्याकडे वर्षभर खाजगी शिकवणी घेतली ते विल्यम जेम्स क्रेग आयर्लंडचे. शुद्ध उच्चारांच्या भाषेचा शोध घेत राजधानीत यावे आणि तेथे पुन्हा प्रांतच भेटावेत, हा अनुभव पुण्यात किंवा काशीत शुद्ध बोलीच्या शोधार्थ गेलेल्या कोणाही परभाषकास अपरिचित वाटणार नाही.

क्रेग हे शेक्सपिअरचे गाढे अभ्यासक. वेल्समधील प्राध्यापकी सोडून ते ब्रिटिश म्युझियमच्या सान्निध्यात राहण्यासाठी लंडनला आले होते आणि शेक्सपिअरच्या शब्दांचा कोश रचीत होते. तासाला पाच शिलिंग असा करार झाल्याची नोंद सोसेकींच्या दैनंदिनीत आहे. १९०९ साली लिहिलेल्या एका व्यक्तिचित्रात त्यांनी या शिकवणीचे जे वर्णन केले आहे, त्यावरून तिला अभ्यासक्रम असा नव्हताच. क्रेग घाईघाईने, आयरिश हेलांत बोलत. मनात येईल त्या कवीवर बोलत, पुस्तक शोधत खोलीभर फिरत, आणि शिष्याला किती समजले याचा विचार त्यांना शिवत नसे. आपला निबंध तपासून द्यावा अशी विनंती शिष्याने केली, तेव्हा त्याचे पैसे निराळे पडतील असे उत्तर मिळाले आणि शिष्याने दैनंदिनीत गुरूला चार कडक शब्द सुनावले. परंतु या गुरूपाशी एक गोष्ट शिकण्यासारखी होती, ती म्हणजे एका शब्दाच्या मागे आयुष्य वेचण्याची वृत्ती. क्रेग यांनी संपादिलेली 'किंग लिअर'ची आर्डेन आवृत्ती १९०१ मध्ये, म्हणजे या शिकवणीच्या काळातच बाहेर पडली. तिचा धागा पुढे येईल.

दुसरी शाळा होती ती भाड्याच्या घरांची. दोन वर्षांत सोसेकींनी पाच बिऱ्हाडे केली. १९०१ मध्ये मायदेशीच्या मित्रांना धाडलेल्या 'लंडनवार्ता' या पत्रलेखांत त्यांनी या शाळेतील धडे विनोदाने सांगितले आहेत. घरकाम करणाऱ्या बाईची लंडनी बोली त्यांना एक अक्षर कळत नसे. 'क्षमा करा' हे ती ज्या तऱ्हेने उच्चारी तेच तिचे टोपणनाव त्यांनी ठेवून दिले. उलटपक्षी, घरमालकीण या इंग्रजीच्या प्राध्यापकास बोगदा किंवा पेंढा अशा अर्थाचे साधे शब्द तरी ठाऊक आहेत का, असे विचारी. हे प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखे दिसले तरी त्यांत परभाषेच्या अध्यापकाची सारी अडचण साठलेली आहे. ज्या भाषेतील शेक्सपिअर आपण शिकविणार त्या भाषेतील मोलकरणीचे बोलणे आपल्याला कळत नाही. आणि जिला ते बोलणे जन्मतःच येते, तिला शेक्सपिअर आपल्याइतका येत नाही. मग 'भाषा येणे' म्हणजे नेमके काय? बोलण्यात तरबेज होणे हे ध्येय ठरविले तर दोन वर्षे अपुरी आहेत, हे सोसेकींनी लवकरच ओळखले. आणि वाङ्मय वाचणे हे ध्येय ठरविले तर त्यासाठी लंडनला राहण्याची गरज काय? पुस्तके तर विकत घेऊन कुमामोतोतही वाचता आली असती. प्रत्यक्षात त्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुस्तकेच विकत घेतली.

१९०१ च्या मे महिन्यात रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए लाइप्झिगहून येऊन काही आठवडे त्यांच्या बिऱ्हाडी राहिले. (समुद्रशेवाळातील विशिष्ट रुचीचे द्रव्य १९०८ मध्ये शोधून काढणारे इकेदा ते हेच.) साहित्याविषयी, तत्त्वज्ञानाविषयी या शास्त्रज्ञाशी झालेल्या चर्चांनी सोसेकींना स्वतःच्या विषयाचे विस्कळीत रूप डाचू लागले. त्यानंतर त्यांनी साहित्याची पुस्तके पेटीत बंद केली आणि ते खोलीत कोंडून घेऊन मानसशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांचे ग्रंथ वाचीत बसले. साहित्यकृती वाचत राहून साहित्य म्हणजे काय याचा उलगडा होणार नाही. मानवी मनाच्या कोणत्या गरजेतून ते उपजते आणि समाजाच्या कोणत्या गरजेमुळे टिकते, हे पाहावयास हवे, अशी त्यांची धारणा झाली. बारीक अक्षरांत काढलेल्या टिपणांची चळत अर्धा फूट उंच झाली. भाषेच्या अभ्यासासाठी आलेला शिक्षक भाषा तर सोडाच, साहित्यही बाजूला ठेवून बसला, हे पाहून देशबांधवांत तो भ्रमिष्ट झाल्याची वदंता पसरली, यात नवल नाही. ती अगदीच निराधार होती असेही नाही. त्या वर्षी त्यांची प्रकृती खरोखरच ढासळली होती.

या टिपणांमागची प्रेरणा सोसेकींनी 'बुंगाकुरोन' म्हणजे 'साहित्यतत्त्व' या ग्रंथाच्या १९०६ मधील प्रस्तावनेत सांगितली आहे. लहानपणी त्यांनी चिनी अभिजात ग्रंथ, विशेषतः इतिहासग्रंथ, आवडीने वाचले होते आणि साहित्य म्हणजे काय याची एक अस्फुट कल्पना त्यांतून घेतली होती. इंग्रजी साहित्यही त्याच जातीचे असेल असे समजून त्यांनी त्यासाठी आयुष्य वाहिले, आणि पदवी घेतल्यावर इंग्रजी साहित्याने आपली फसगत केली असे त्यांना वाटू लागले. यावर त्यांनी केलेले तर्कशुद्ध विवेचन फार महत्त्वाचे आहे. चिनी भाषेतील आपले ज्ञान इंग्रजीहून खोल आहे असे नाही. दोन्ही भाषा आपल्याला सारख्याच परक्या आहेत. तरीही एकीतील वाङ्मयाचा आस्वाद घेता येतो आणि दुसरीतील वाङ्मयाचा तितका येत नाही. तेव्हा उणीव भाषाज्ञानात नाही. 'साहित्य' या एकाच नावाखाली मोडणाऱ्या या दोन वस्तूच भिन्न असल्या पाहिजेत.

परभाषेच्या अध्यापनाच्या इतिहासात हा युक्तिवाद एक वळण मानावा लागेल. कारण सर्वसाधारण अध्यापक याच्या नेमका उलट निष्कर्ष काढतो. वर्ड्स्वर्थची कविता मनाला भिडली नाही की तो समजतो, आपले इंग्रजी कमी पडले. आणखी शब्द पाठ करावेत, आणखी काही वर्षे त्या देशात काढावीत, म्हणजे ती भिडेल. हे 'आणखी'चे गणित कधीच सुटत नाही, आणि ते सुटत नसल्यामुळे अध्यापक तद्देशीय समीक्षकांची मते स्वतःची म्हणून वर्गात सांगत राहतो. १९१४ च्या व्याख्यानात सोसेकींनी या उसन्या मतांचा कठोर समाचार घेतला आहे. एखाद्या कवितेचा सूर सुंदर आहे असे इंग्रज समीक्षक म्हणत असेल तर ते त्याचे मत. मला तसे वाटत नसता मी त्याचीच री ओढण्याचे कारण नाही. येथवर ही भूमिका कोणाही स्वाभिमानी वाचकाची म्हणता येईल. सोसेकींचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. मला तसे वाटत नाही एवढे म्हणून ते थांबत नाहीत. त्याला तसे का वाटते आणि मला का वाटत नाही, याचा उलगडा रीतिरिवाजांत, समाजस्थितीत, भाषेच्या घडणीत शोधला पाहिजे. तो उलगडा सर्वस्वी पटला नाही तरी शोध हाच अध्यापकाचा अभ्यासविषय, असे ते सांगतात. या भूमिकेला त्यांनी 'जिको होन्-इ' असे नाव दिले. त्याचे मराठी भाषांतर 'स्वकेंद्री' असे केल्यास अर्थाचा विपर्यास होईल. 'स्वतःच्या पायावर उभे राहून पाहणे' हे त्याच्या अधिक जवळ जाईल.

'साहित्यतत्त्व' या ग्रंथाचा गाभा एका सूत्रात आहे. साहित्याचा आशय म्हणजे चित्ताच्या केंद्रस्थानी आलेला ठसा किंवा कल्पना, आणि तिला चिकटलेला भाव, यांचे मिश्रण. पहिल्यासाठी सोसेकींनी मोठा 'एफ' आणि दुसऱ्यासाठी लहान 'एफ' ही चिन्हे योजली आहेत. संस्कृत काव्यशास्त्र जाणणाऱ्यास विभाव आणि भाव यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष अनुभवातील भाव आणि वाचनातील भाव यांत सोसेकी भेद करतात, आणि वाचताना स्वहिताचा किंवा नीतीचा विचार कसा गळून पडतो हे दाखवितात, तेव्हा तर साधारणीकरणाची चाहूल लागते. पण साम्य येथेच थांबवावे हे बरे. त्यांचा आधार विल्यम जेम्स, लॉइड मॉर्गन, रिबो यांच्या मानसशास्त्राचा आहे, आणि त्यांचे प्रयोजन रसनिष्पत्तीची मीमांसा हे नसून, दोन भिन्न परंपरांतील वाङ्मये एकाच मापाने मोजता येतील असे माप घडविणे हे आहे. हे माप इंग्रजीचे नसावे आणि चिनीचेही नसावे, म्हणून ते मानसशास्त्राकडे वळले. मानसशास्त्रही पाश्चात्त्यांचेच होते, ही अडचण त्यांना पुरेशी जाणवलेली दिसत नाही. ग्रंथाचे मोठे वैगुण्य मानावयाचे तर ते हेच.

डिसेंबर १९०२ मध्ये सोसेकी लंडनहून निघाले आणि एप्रिल १९०३ पासून तोक्योच्या विद्यापीठात व पहिल्या उच्च विद्यालयात शिकवू लागले. विद्यापीठात त्यांना मिळाली ती लाफ्कादिओ हर्न यांची जागा. हर्न यांच्या रसाळ व्याख्यानांवर लुब्ध असलेले विद्यार्थी त्यांच्या जाण्याने आधीच बिथरले होते. अशा वर्गापुढे सोसेकींनी जॉर्ज एलिअटची 'सायलस मार्नर' घेतली आणि उच्चार, व्याकरण, अर्थ असे क्रमाक्रमाने तपासीत ती वाचून घेतली. परभाषेचा वर्ग जसा घ्यावा तसाच तो होता. विद्यार्थ्यांना तो शाळकरी वाटला व त्यांनी नापसंती उघड केली. साहित्यतत्त्वावरील व्याख्याने मानसशास्त्राच्या भाराने जड वाटली. सप्टेंबर १९०३ मध्ये 'मॅक्बेथ' सुरू झाले, आणि मग मात्र मोठ्या दालनात बसावयास जागा उरेना. पाठोपाठ १९०४ मध्ये 'किंग लिअर' आले. क्रेग यांच्या अस्ताव्यस्त खोलीत शब्दाशब्दावर रेंगाळण्याचे जे वळण लागले होते, ते या वर्गात फळाला आले असे म्हणावयास जागा आहे. स्वतः सोसेकींना जे मोलाचे वाटे ते विद्यार्थ्यांना रुचले नाही, आणि ज्या शिकवणीला दैनंदिनीत नावे ठेवली तिचाच वर्गात उपयोग झाला. प्रशिक्षणाचे फळ कोठे धरेल हे प्रशिक्षणार्थीलाही सांगता येत नाही.

परदेशगमनाच्या मोबदल्यात दुप्पट काळ सरकारी सेवा करण्याचे बंधन होते. चार वर्षांची ती मुदत भरताच, १९०७ मध्ये सोसेकींनी विद्यापीठ सोडले आणि 'आसाही' वृत्तपत्रात ते कादंबरीलेखक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी 'साहित्यतत्त्व' प्रसिद्ध झाले. पुढे त्याविषयी बोलताना, पुरे होण्याआधीच ढासळलेल्या नगराचे हे अवशेष आहेत अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. सरकारी दृष्टीने पाहिले तर हिशेब तोट्याचा होता. याच सुमारास इंग्लंडला गेलेले ओकाकुरा योशिसाबुरो हे मंत्रालयाच्या अपेक्षेला अधिक उतरले. त्यांनी परत येऊन इंग्रजी शिक्षकांची पिढी तयार केली, अध्यापनपद्धतीवर लिहिले, १९२७ मध्ये मोठ्या इंग्रजी-जपानी कोशाचे संपादन केले. जपानी शाळांतील इंग्रजीवर ओकाकुरांचे ऋण सोसेकींपेक्षा निःसंशय मोठे आहे. तथापि ओकाकुरांनी इंग्रजी 'कसे' शिकवावे हा प्रश्न सोडविला. परक्याने ते शिकविताना तो कोठे उभा असतो, हा प्रश्न सोसेकींखेरीज त्या पिढीत कोणी एवढ्या निकराने विचारला नाही.

मराठीत या अनुभवाशी ताडून पाहावा असा एक प्रवास आहे, तो बा. सी. मर्ढेकर यांचा. ते १९२९ मध्ये आय. सी. एस. परीक्षेसाठी इंग्लंडला गेले, ती न साधता १९३३ मध्ये परतले, काही काळ महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापक झाले आणि मग नभोवाणीत गेले. येथेही नेमून दिलेले काम बाजूला पडले आणि हाती आली ती सौंदर्यमीमांसा. पण मर्ढेकरांचा 'आर्ट्स अँड मॅन' हा ग्रंथ १९३७ मध्ये इंग्रजीत निघाला. 'सौंदर्य आणि साहित्य' मराठीत यावयास १९५५ साल उजाडले. सोसेकींनी आपला सिद्धान्त प्रथमपासून जपानी विद्यार्थ्यांपुढे जपानीत मांडला. हा फरक व्यक्तींच्या वृत्तीचा म्हणून सोडून देता येत नाही. इंग्रजी कविता आपल्याला परकी का वाटते, हा सोसेकींचा आरंभीचा प्रश्न मर्ढेकरांच्या विवेचनात आरंभीचा प्रश्न नाही. एलिअट आणि ज्ञानेश्वर यांना एकाच लयतत्त्वाने पाहता येईल, असा विश्वास तेथे पहिल्यापासून गृहीत आहे. तो विश्वास चुकीचा असे नव्हे. परंतु तो कमावलेला आहे की शिक्षणातून आयता मिळालेला आहे, याची विचारणा व्हावयास हवी.

या विचारणेला धार येते ती सोसेकींच्या १९११ मधील एका लेखाने. भाषाशिक्षणावरील या लेखाचे निमित्त होते विद्यार्थ्यांचे इंग्रजी घसरल्याची सार्वत्रिक ओरड. सोसेकींनी घसरण मान्य केली आणि ती स्वाभाविकच नव्हे, तर इष्ट ठरविली. आपल्या पिढीचे इंग्रजी चांगले होते, कारण भूगोल, इतिहास, गणित, वनस्पतिशास्त्र सारे इंग्रजीतून शिकावे लागे. आता हे विषय जपानीतून शिकविले जातात, तेव्हा इंग्रजीला दिला जाणारा वेळ घटला व तिचे ज्ञानही घटले. स्वतंत्र राष्ट्राच्या दृष्टीने पूर्वीची ती स्थिती मानहानीचीच होती, असे सांगताना त्यांनी उपमा दिली आहे ती भारताची. ब्रिटिश अंमलाखालील भारतासारखी ती स्थिती वाटते, असे ते म्हणतात. इंग्रजीचा माजी अध्यापक हे लिहितो, आणि त्याच लेखात शिक्षक व पाठ्यपुस्तके यांच्या सुधारणेचा विचारही करतो, कारण त्याच्या मते विषय म्हणून इंग्रजी उत्तम शिकविणे आणि माध्यम म्हणून ती नाकारणे यांत विरोध नाही. सोसेकींनी भारत पाहिला नव्हता. १९०० च्या ऑक्टोबरात त्यांचे जहाज कोलंबोला थांबले होते तेवढेच. त्यांच्या लेखातील भारत हे प्रत्यक्ष स्थळ नसून टाळावयाच्या दशेचे नाव आहे.

त्या दशेत राहणाऱ्यांना मात्र ती इतकी स्पष्ट दिसत नव्हती. 'निबंधमाले'तून इंग्रजी विद्येच्या दडपणावर प्रहार करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून १८८० च्या जानेवारीत, टिळकांच्या सहकार्याने, पुण्यात शाळा काढली तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल'. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. शिक्षण म्हणजे इंग्रजी शिक्षण, आणि ते देशी माणसांच्या हाती असावे, एवढाच त्या वेळी शक्य असलेला स्वावलंबनाचा अर्थ होता. इंग्रजी हा जेथे ज्ञानाचा दरवाजाच असतो, तेथे दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला 'मी परक्याची भाषा शिकवितो' असे वाटत नाही, आणि म्हणून सोसेकींना लंडनच्या खोलीत पडलेला प्रश्न पडण्याची जागाच राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद येथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली १९५८ मध्ये. परदेशी जाऊन ही विद्या शिकून आलेल्या अध्यापकांना आपले शिकणे येथल्या वर्गांशी ताडून पाहण्यास प्रथमच स्वतःचे ठिकाण मिळाले. १९७२ मध्ये संस्थेचा विस्तार झाला, जर्मन, फ्रेंच, रशियन आदी भाषांना तीत स्थान मिळाले आणि नावही बदलले. २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला तेव्हाही ते नाव तसेच पुढे आले. 'इंग्रजी आणि परकीय भाषा' असे ते नाव आहे. इंग्रजीला परकीय भाषांत न मोजता त्यांच्या शेजारी वेगळे बसविणारा त्यातील 'आणि' हा शब्द १९०० सालच्या त्या जपानी आज्ञापत्रात कोणाला सुचला नसता.